मागचे आवाज

सोमवार, ६ जानेवारी २०२५

मस्कतला होतो तेव्हा डायरीत रोज पाच इंग्रजी शब्द उतरवायचो. परत येऊन सहा वर्षं झाली, वही कोरीच. आज नवी बॅच सुरू झाली म्हणून पुन्हा धरली. या खेपेला मराठीत, कारण मनातलं इंग्रजीत लिहिलं की ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटतं.

मंगरूळपीरला अमृतलालच्या कापड दुकानाच्या वर माझा वर्ग. पाटीवर लिहिलंय, ‘परदेशासाठी इंग्रजी. फक्त मोठ्या माणसांना.’ अकरा जण आहेत. कोणाला कतारला ड्रायव्हर व्हायचंय, कोणाला दुबईला वायरमन. मी स्वतः नववी नापास. इंझोरीहून निघालो तेव्हा इंग्रजीतलं ‘येस’ तेवढं येत होतं, आणि त्या येसने पहिल्याच आठवड्यात मला नऊ मजली परांचीवर चढवलं. पुढचं सगळं कानाने शिकलो. सुपरवायझर शिव्या द्यायचा, मी त्यातलं व्याकरण वेचायचो. नंतर अकरा वर्षं तिथल्या कामगारांच्या कॅम्पात नेपाळी, बिहारी, तेलुगू माणसांना जेवणानंतर शिकवलं.

पद्धत तीच ठेवलीय. रोज संध्याकाळी प्रत्येकाने मला मोबाईलवर एक मिनिटाची बोलकी चिठ्ठी पाठवायची. इंग्रजीत, आज काय केलं ते. दुसऱ्या दिवशी ती मोठ्या स्पीकरवर लावतो आणि सगळे मिळून चुका काढतात. शेवटी खेळ, ‘मागचा आवाज’. चिठ्ठी कुठे बसून बोलली, ते मी मागच्या आवाजावरून सांगतो. आज मागच्या बॅचपासून येणाऱ्या गोविंदसिंगला सांगितलं, “तू पिकअपमध्ये बसून बोलला. तुझ्या रिव्हर्सचा बाजा पाचवा सूर गिळतो.” वर्ग हसून लोटपोट. गोविंदसिंग हात जोडून म्हणाला, “सर, तुमचे कान पोलीस खात्यात पाह्यजे व्हते.” माझी बायको रुख्मिणी म्हणते, लोक इंग्रजीपेक्षा या खेळासाठीच येतात. म्हणू दे.

आज एक नवीन बाई आली. वर्षाराणी, आसेगावची सून, सत्तावीस वर्षांची, खाजगी दवाखान्यात नर्स. आयर्लंडला म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नोकरीसाठी निवड चाललीय, वीस फेब्रुवारीला मोबाईलवर समोरासमोर मुलाखत. खालचा ओठ फाटलेला. “न्हाणीत पडली सर,” म्हणाली. कॅम्पात असे न्हाणीत पडलेले मी खूप पाहिलेत. पुढे विचारलं नाही. विचारणं माझं काम नाही, शिकवणं आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

वर्षाराणीची पहिली चिठ्ठी. “आय वॉश द पेशंट. आय गिव्ह द मेडिसिन.” मग एक आवाज. चपटा, जवळचा. पाठोपाठ जर्मनचं भांडं फरशीवर गोल गोल फिरत बसलं. ते थांबेपर्यंत ती गप्प होती. मग पुढे, त्याच सुरात, “आय ॲम नॉट अँग्री विथ द पेशंट.” बारा सेकंद उरले होते, तेही तिने पूर्ण वापरले.

रुख्मिणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “थो आवाज कायचा व्हता?”

“कुकरचं झाकण पडलं असेल.”

“झाकण असं वाजत नाई,” म्हणाली आणि आत गेली.

वहीत मी तिच्या नावापुढे लिहिलं, उच्चार चांगला, घाई नाही. वर्गात चिठ्ठी अर्धीच लावली. कारण कोणी विचारलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

डावीकडचा एक दात हलतोय. जीभ सारखी तिथेच जाते.

वर्ग भरला होता. अंगणवाडीच्या वैजयंतीबाईंनी सगळ्यांना तीळगूळ वाटला. त्याही माझ्याच वर्गात आहेत, पंचेचाळिशीच्या, जिभेच्या फटकळ. मुलीकडे दुबईला जायचं म्हणून शिकतात. तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस आला, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. “मी हरीओम. वर्षाराणीचा मालक.” वैजयंतीबाईंनी त्याच्याही हातावर तीळगूळ ठेवला. त्याने तो तोंडात टाकला, चावला, गिळला आणि पाय उचलून स्पीकरला लाथ घातली.

मग वर्षाराणीची वेणी मनगटाला दोनदा गुंडाळली आणि ओढत निघाला. ती ओरडली नाही. बाकाची कड धरली होती तिने, तर बाकच मागे फरफटत गेला. “बुढ्यायचे ढुंगण धुवाले विमानात बसतं व्हय? घरचे म्हातारे मेले काय?” प्रत्येक शब्दाला एक, असे तिच्या पाठीत बुक्के.

खरं लिहायचं तर मी टेबल धरून उभा होतो. किती वेळ, माहीत नाही. मग गेलो, त्याचा हात धरला, आणि त्याचा दुसरा हात माझ्या जबड्यावर आला. मी खडूंच्या डब्यावर पडलो. वैजयंतीबाई चप्पल काढून त्याच्या डोक्यात घालत होत्या, त्यांना त्याने भिंतीवर ढकललं.

सोडवलं ते गोविंदसिंगने. उठला, हरीओमच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “हऱ्या, इथं नको.” तो थांबला. वेणी सोडली, शर्ट खाली ओढला, जिना उतरून गेला. काय वजन आहे या माणसात! अनोळखी, पिसाळलेल्या माणसाला एकेरीत बोलला आणि त्याने ऐकलं. नंतर माझ्या तोंडावरचं रक्तही त्यानेच पुसलं.

अमृतलाल वर आला. जमिनीवर तीळगूळ, खडू, केसांची एक बट. “रामकिसनभाऊ, खाली गिऱ्हाइक बसलं आहे. हे दुकान आहे, आखाडा नाही.”

शुक्रवार, १७ जानेवारी

वर्षाराणीने घर सोडलं. परवा रात्री हरीओम विळत, म्हणजे विळी, घेऊन तिला मारायला धावला, दाराच्या चौकटीत विळत अडकली म्हणून वाचली. ठाण्यात तक्रार झाली. वैजयंतीबाईंनी तिला कुठेतरी नेऊन ठेवलंय.

“कुठे?” मी विचारलं.

“तुमाले सांगत नाई सर. तुमी मानूस चांगले, पण तुमच्या पोटात काई टिकत नाई.”

जरा लागलं. सतरा वर्षं परदेशात काढलेला माणूस मी. पण हसण्यावारी नेलं. ठरलं असं की ती रोज चिठ्ठी पाठवेल, मी चुका सांगेन. मुलाखतीला चौतीस दिवस. स्पीकरची जाळी चेपलीय, आवाज ठीक आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

पोरगी काय शिकतेय! रोज मिनिट पूर्ण. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, चमच्याने पाणी कसं पाजायचं, गिळता येत नसेल तर कसं ओळखायचं. तिच्या वाक्यांत आता ठेच लागत नाही. काल म्हणाली, “व्हेन दे शाउट ॲट मी, आय वेट.” रुग्ण ओरडले तर मी थांबते. मुलाखतीला हे वाक्य ठेवायचंच.

वर्गात मी तिच्या चिठ्ठ्या लावायला लागलोय. नाव घेत नाही, पण आवाज सगळे ओळखतात. इतरांना हुरूप येतो. वैजयंतीबाई अंगणवाडीच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला वाशिमला गेल्यात दोन आठवड्यांसाठी, नाहीतर त्यांनाही अभिमान वाटला असता.

गोविंदसिंग हरभऱ्याचा ताजा सोला, हिरवे दाणे, घेऊन आला, पिशवीभर. “वहिनीले द्या, सर.” शिकायची हौस मोठी. वर्षाराणीची चिठ्ठी संपली की म्हणतो, “परत लावा सर, एकदा.” डोळे मिटून ऐकतो. माझ्या वर्गात असा ऐकणारा कधी नव्हता.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज मजा आली, आणि मी जीभही सांभाळली. दोन्ही एकाच दिवशी, म्हणून लिहितो.

खेळात वायरमन अमरदीपची चिठ्ठी ओळखली (पिठाची गिरणी नव्हे, सासऱ्याचं घोरणं), नंतर आणखी तिघांची. तेवढ्यात गोविंदसिंग म्हणतो, “आमच्या सोप्या असतात सर. ह्या बाईची वळखून दाखवा. पाहू बरं उस्तादाचे कान.”

“ते नाही सांगायचं. जोखमीचं आहे.”

“येत नाई म्हना ना मंग! जाऊ द्या, वय झालं सरचं.”

सगळे हसले. अमरदीपने तर टाळी दिली त्याला. आता हे कोण सहन करणार?

मी गावाचं नाव घेतलं नाही. शपथेवर. फक्त म्हटलं, “नीट ऐका, हिच्या मागे पुक-पुक, पुक-पुक चाललंय. तुम्हाला वाटेल पक्षी. पक्षी नाही, गिरणी आहे ती. पूर्वी तेलाच्या इंजिनावर पिठाची गिरणी चालायची, तेव्हा गिरणीवाला धुराच्या नळकांड्यावर पत्र्याचा डबा उलटा बसवायचा. त्याची शिट्टी वाजली की शिवारापर्यंत बायांना कळायचं, गिरणी चालू झाली, दळण काढा. इंझोरीला मी डोक्यावर पायली घेऊन त्या आवाजामागे धावलोय. आता सगळीकडे विजेच्या मोटरी आल्या. आपल्या जिल्ह्यात डबावाली गिरणी एकच उरली. आणि आवाज इतका मोठा येतो म्हणजे बाई गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून बोलतेय. मध्ये एसटी दोनदा हळू होऊन पुन्हा गिअर टाकते, म्हणजे मोठा रस्ता, पुढे गतिरोधक. बस. याच्यापुढे एक शब्द नाही सांगणार.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. गोविंदसिंग वहीत उतरवून घेत होता. त्याला म्हटलं, अरे हे परीक्षेला नाही येणार. म्हणाला, “ग्यान हाय सर. वाया काहून जाऊ द्यायचं?”

बुधवार, ५ फेब्रुवारी

हरीओमने तिला गाठलं. मेडशीत. भरदुपारी.

डावा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. डोक्याला नऊ टाके. वैजयंतीबाईंचा भाऊ किशन, त्याची ती गिरणी. तो मध्ये पडला, तर त्याची तीन बोटं पट्ट्याच्या चाकात गेली. ढकललं की घसरला, दोन्ही ऐकतोय. दळणाला आलेल्या बाया पिठाचे डबे टाकून ओरडल्या, तेव्हा हरीओम पळाला. टॉमी, म्हणजे टायर उचकटायचा लोखंडी दांडा, पिठात पडलेला सापडला.

वैजयंतीबाईंचा फोन. “सर, कोनाले सांगतलं तुमी?”

“मी? मला माहीत तरी कुठे होतं? बसमधल्या कोणी पाहिलं असेल.”

त्यांनी फोन ठेवला. रुख्मिणी समोर उभी होती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी कोणाचीच चिठ्ठी ऐकली नव्हती. आज सकाळी उघडल्या. वर्षाराणीचीही होती. कालची, एक वाजून सतरा मिनिटांची.

ही चिठ्ठी बोलताना बटण दाबून धरावं लागतं. बोट उचललं की ती आपोआप निघते.

एक्केचाळीस सेकंद. “गुड आफ्टरनून. टुडे आय विल टेल अबाउट माय स्ट्रेंग्थ.” माझ्यात काय ताकद आहे ते सांगते. मागे पुक-पुक. मग गाडीचा बाजा, मागे घेतल्याचा. पळताना सोपं जावं म्हणून तोंड रस्त्याकडे ठेवून गल्लीत उलटी घातलेली. ती बोलत राहिली. चपला. एक माणूस म्हणाला, “हेच. भितीच्या मागचं.” तिचं वाक्य तुटलं. “नाई नाई नाई...” आणि एक आवाज, ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. तिथे चिठ्ठी संपते. तिथे तिचं बोट सुटलं.

अकरा वेळा ऐकली. बाजा पाचवा सूर गिळतो.

असे बाजे खूप असतील, असं दुपारपर्यंत स्वतःला सांगितलं. रुख्मिणीने ताट समोर ठेवलं आणि उभ्याउभ्या म्हणाली, “मले इंग्रजी येत नाई. पन मंगळवारी दळनाले गेली, तं अमरदीपची बायको सांगून राह्यली व्हती, सर काय मस्त गोष्ट सांगते डब्याच्या गिरनीची. गल्लीभर झाली तुमची गोष्ट.”

“मी गावाचं नाव घेतलं नव्हतं.”

“मेडशीचं नाव नाई घेतलं. मेडशी दाखवली.”

ताट तसंच राहिलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गोविंदसिंग वर्गात आला. वेळेवर. शर्ट इस्त्रीचा. मला वाटलं होतं येणार नाही. न येण्याने संशय आला असता, हे त्याला माझ्यापेक्षा लवकर सुचलं असावं. “वाईट झालं सर,” म्हणाला, “माझा घास उतरला नाई काल.”

मी नेहमीसारख्या चिठ्ठ्या लावल्या. पहिली अमरदीपची. दुसरी ती. आवाज पूर्ण वाढवून.

काड्‌कन आवाज आला तेव्हा वैजयंतीबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी विचारलं, “गोविंदसिंग, मागचा आवाज कोणाचा?”

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. सगळे त्याच्याकडे पाहत होते. म्हणाला, “हऱ्या माझा लहानपनचा दोस्त हाय. बायको पळून गेली त्याची. मी गाडी नेली, मारलं नाई.” आणि मग थंडपणे, माझ्याच डोळ्यांत पाहून, “आन् जागा? जागा तं तुमीच सांगतली ना सर. मले कुठी माहीत व्हती?”

स्पीकरचा लोखंडी स्टँड माझ्या हातात कधी आला, मला सांगता येणार नाही. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि आत काहीतरी निघाल्याचं मला स्टँडमधून, हातात, जाणवलं. दुसरा पाठीत. त्याने माझे पाय ओढले, आम्ही दोघं बाकांमध्ये पडलो. त्याने माझ्या कानशिलात डोकं हाणलं, मी त्याच्या मोडलेल्या खांद्यावर गुडघा ठेवला आणि वजन दिलं. तो ओरडत होता, मी ऐकत होतो. अमरदीपने आणि आणखी दोघांनी मला ओढून काढलं.

मला बरं वाटलं. इथे खोटं लिहायचं नाही. त्याच्या प्रत्येक ओरडण्याला वाटत होतं की त्याचं वाक्य थोडं थोडं पुसलं जातंय. ‘जागा तुमीच सांगतली.’ घरी येईपर्यंत ते जसंच्या तसं परत आलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

हरीओम नातेवाइकाच्या शेतात तुरीच्या ढिगामागे सापडला. आत आहे. गोविंदसिंगचं गळपट्टीचं हाड मोडलंय. त्याने माझ्यावर तक्रार केली. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतंय.

संध्याकाळी अमृतलाल आला. बसला, पाणी प्यायला. मला त्याचं कधी वाईट वाटत नाही, माणूस शांततेवर जगणारा आहे.

“रामकिसनभाऊ, गोविंदसिंगचे लोक आले होते माझ्याकडे. सीधी बात आहे. तो तुझ्यावरची तक्रार सोडतो. तू चिठ्ठीतला आवाज त्याचा आहे असं म्हणू नको. बाजे काय, सगळ्याच गाड्यांना असतात. तुझ्या वर्गात काय बोलणं झालं, ते वर्गात राहील.”

“आणि मी सांगितलं तर?”

“तर तो सांगेल की मेडशी कुणी दाखवली. लोकांच्या लेकी-सुना येतात तुझ्याकडे. मग कोण पाठवेल? कंचनबाईसुद्धा काल मला म्हणत होत्या, टीनाला नका पाठवू वर.” कंचनबाई त्याची बायको, टीना सून. टीनाची फी मी घेत नव्हतो, ती दुसरी गोष्ट.

मी विचार करतो म्हणालो. आणि खरंच करतोय, ही लाज आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वाशिमला दवाखान्यात गेलो. रुख्मिणी म्हणाली, “विचार तिच्यासमोर बसून करा.”

वर्षाराणी खाटेवर बसली होती. डोकं अर्धं भादरलेलं, टाके काळे. डोळा सुजून बंद. हात प्लॅस्टरमध्ये. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला उजव्या हाताने पाणी पाजत होती, चमच्याने, घोट गिळला की नाही ते गळ्याकडे पाहत. मी उभा राहिलो ते तिला दिसलं, पण म्हातारीचं होईपर्यंत तिने पाहिलं नाही.

मी सगळं सांगितलं. डबा, नळकांडं, गतिरोधक, टाळ्या. बोलताना इतकं छोटं वाटलं ते, की मध्येच थांबलो.

ती म्हणाली, “मी थ्या भितीले कायले टेकत व्हती सर, माहीत हाय? इंजिनाच्या आवाजात मले वाटे, बाहेर माह्या आवाज कोनाले ऐकू येत नसन.”

मी बाजूचं स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो.

“मले माफी नका मागू. माह्याजवळ नाई. गोविंदसिंग म्हनते, मी तं मेडशीले गहू आनाले गेलतो, हऱ्या वाटेत बसला. तुमी सांगतलं नाई तं थो सुटते. थो सुटला, तं हऱ्या सुटल्यावर त्याले पुन्हा गाडी हाय.”

“लोक मला...”

“तुमाले लोक हसतीन,” ती म्हणाली. “मले काय करतीन, थे तुमी ऐकलं.”

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जबाब दिला. ठाण्यात सोमवारपासून दोनदा जाऊन परत आलो होतो, तेही लिहून ठेवतो.

लिहून घेणारा हवालदार अगदी मुलगा, पण अक्षर चांगलं. “तुम्ही गावाचं नाव घेतलं होतं का?”

“नाही.”

“मग तुमचा काय संबंध?”

“नाव घेतलं असतं तर हरीओम शोधायला गल्ली न् गल्ली फिरला असता. मी भिंतीपर्यंत नेऊन सोडला. गोविंदसिंगने ते माझ्यासमोर वहीत उतरवलं. तारीख तीन फेब्रुवारी. ती वही त्याच्या गाडीत असेल.”

त्याने पेन थांबवलं. “हे असंच लिहू?”

“असंच.”

मग स्टँडने मारलं तेही सांगितलं. किती वेळा, कुठे, आणि गुडघ्याचं. वाचून दाखवलं तेव्हा उजवा कान पुढे केला. सही इंग्रजीत करतो मी, मस्कतपासूनची सवय. आज मराठीत केली.

वर्गातले सहा जण सोडून गेले. टीना पहिली. अमृतलालने महिनाअखेर वरची खोली रिकामी करायला सांगितलंय, नम्रपणे, चहा पाजून.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मुलाखत आमच्या घरी झाली. हे रुख्मिणीने ठरवलं, मला विचारलं नाही. तिनेच वर्षाराणीला दवाखान्यातून आणलं, डोक्याला ओढणी नीट बांधून दिली, मोबाईल पिठाच्या डब्यावर टेकवला. मग मला म्हणाली, “तुमी बाहेर.”

तीन वाजताची वेळ. वर्षाराणीने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. “मागं कायचाच आवाज नको सर.”

अडीचपासून गल्लीत फिरलो. शेजारणीचं मिक्सर थांबवलं. वेल्डिंगवाल्याला हात जोडले, त्याने कारण विचारलं, मी म्हटलं घरात माणूस आजारी आहे. भाजीचा गाडा कोपऱ्यावरच अडवला. पाण्याची मोटर बंद. दोन कुत्र्यांना भाकरी टाकून पार नाल्यापर्यंत नेलं. आयुष्यभर मी आवाज गोळा करत आलो. ते एकेक करून बंद करणं किती वेळखाऊ असतं, हे आज कळलं. तीनला दोन मिनिटं असताना आमच्या गल्लीत कावळासुद्धा नव्हता.

दाराशी बसलो, उजवा कान भिंतीकडे. पलीकडची बाई सावकाश बोलत होती. हाताला काय झालं विचारलं. वर्षाराणीने सरळ सांगितलं, माझ्या नवऱ्याने मोडला, तो कोठडीत आहे, हाड एप्रिलपर्यंत जुळेल, डॉक्टरचा कागद आहे. मग त्या बाईने विचारलं, चिडलेल्या रुग्णाशी तू कशी वागशील. माझं पाठ करून घेतलेलं वाक्य होतं, मी थांबते. ते ती बोलली नाही. म्हणाली, “आय स्टँड निअर द डोअर. देन आय स्पीक.” मी दाराजवळ उभी राहते, मग बोलते.

शेवटी विचारलं, इंग्रजी कोणी शिकवलं?

मी श्वास धरला. असं का केलं, कोणास ठाऊक.

“आय प्रॅक्टिस्ड अलोन,” ती म्हणाली. एकटीने सराव केला. वाक्य बरोबर होतं. एकही चूक नव्हती.

सोमवार, १० मार्च

वर्षाराणी कुठे आहे ते वैजयंतीबाईंना माहीत आहे आणि रुख्मिणीला. मला नाही. मी विचारलेलं नाही.

गोविंदसिंगची वही सापडली. माझं बोलणं त्याने माझ्यापेक्षा चांगलं मांडलं होतं. खाली मेडशीच्या रस्त्याचं चित्रसुद्धा. माझ्यावरचा गुन्हा चालणारच, तारीख पडलीय. वर्ग आता आमच्या पडवीत भरतो, पाच जण. चिठ्ठ्या बंद केल्या. समोर बसून बोलायचं. अमरदीप म्हणाला, “सर, खेळ तरी ठेवा.” त्याला म्हटलं, एका कानाने कसला खेळ.

दुपारी रुख्मिणीच्या मोबाईलवर चिठ्ठी आली. तिने पडवीत बसून लावली. “काकू, मी वर्षाराणी...” एवढं कानावर पडलं, आणि त्याच्यामागे काहीतरी सुरू होत होतं, पाणी की पंखा, ते कळायच्या आत मी उठलो, अंगणात जाऊन हौदाचा नळ पूर्ण सोडला आणि खाली बादली धरून बसलो. बादली भरून वाहिली तरी धरून ठेवली.

रुख्मिणी दारात आली. “झालं तिचं. कागद आले, मे महिन्यात जानार हाय.” मग नळाकडे पाहून, “काहून पानी सांडून राह्यले?”

नळ बंद केला.

“लय खूश व्हती. पूर्न मिनिटभर बोलली,” ती म्हणाली. “ऐकता?”

“तू पुसून टाक ती,” मी म्हटलं. “मी ऐकली तर मला कळेल.”